परक्या शहराचं ध्रुवपद

बाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुम्हाला लिहायचं म्हटलं की माझं अक्षर आपोआप सरळ होतं. सांगायचं एवढंच, की मी बँकॉकला जाऊन आलो आणि तिथं एकटा हिंडलो. मी म्हणजे खुलताबादच्या शाळेत तुमच्या वर्गात खिडकीपाशी बसणारा, टेकडीवरच्या ढगांकडं बघण्यापायी रोज बोलणी खाणारा. "आलास का रे परत? मग आता कवितेत ये," असं तुम्ही म्हणायचात, तो मी. दात कमी झालेत, ढग तेवढेच आहेत.

आधी घरचं सांगतो. मागच्या उन्हाळ्यात मी गुलमंडीच्या बाजारात हरवलो. पायजम्याचं कापड घ्यायला गेलो होतो. कापड घेतलं, दुकानाच्या पायऱ्या उतरलो आणि समोरचा रस्ता कोरा झाला. पाट्या होत्या, त्या वाचताही येत होत्या, पण आपलं घर कुठल्या अंगाला आहे ते उमगेना. थांबलो असतो तर लोकांना कळलं असतं, म्हणून मी चालत सुटलो. जितका चाललो तितकं ते जन्माच्या ओळखीचं शहर तोंड फिरवत गेलं. शेवटी कारखान्यातला एक जुना सोबती भेटला. "काय राव, हिकडं कुठं?" म्हणाला आणि माझा चेहरा बघून पुढचं गिळलं त्यानं. स्कूटरवर मागं बसवून चिकलठाण्याला घरी आणून सोडलं. दिवेलागणीपर्यंत गल्लीभर झालं होतं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं ठीक आहे. पण मुलाच्या मनात जे बसलं ते बसलंच. "अप्पा, आता एकट्यानं गेटाबाहेर जायचं नाय. लागंल ते मी आणीन." सून समजूतदार. तिनं माझ्या सदऱ्याच्या खिशात नाव, पत्ता, फोन लिहिलेली चिठ्ठी ठेवायला सुरुवात केली, जत्रेत लेकराच्या खिशात ठेवतात तशी. मी ती ठेवू दिली. कारण बाई, त्या दोघांपेक्षा जास्त मीच घाबरलो होतो. पाठ असलेल्या कवितेतलं एखादं कडवं गळालं की दिवसभर तेच चाचपडत बसायचो. वाटायचं, आज कडवं गेलं, उद्या गल्ली जाईल, परवा लेकीचा चेहरा.

ही लेक नोकरीपायी बँकॉकला असते. भावाशी फोनवर कडाकडा भांडून तिनं मला बोलावून घेतलं. मुलानं मुंबईला विमानात बसवून दिलं, लेकीनं तिकडं उतरवून घेतलं, मध्ये मी नुसते ढग बघितले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पायात बूट घालता घालता म्हणते, "अप्पा, ही किल्ली. मी ऑफिसला चालले. तुम्ही जा कुठंतरी हिंडायला."

"आणि हरवलो तर? तुझा भाऊ मला फाडून खाईल."

"त्याला सांगतंय कोण? हरवलात तर हरवलात. इथं आलेला प्रत्येक पाहुणा हरवतो. त्यात लाज कसली?"

हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. परक्या शहरात वाट चुकणं हा कुणाचाही हक्क आहे. आपल्या गावात चुकलं की त्याला आजार म्हणतात. तिनं मोबाइलात नकाशा काढून दिला. "हा निळा ठिपका म्हणजे तुम्ही." मी चष्मा लावून बघितलं, तर तो ठिपका जागच्या जागी गरगर फिरत होता. म्हटलं, "हा तर माझ्याहून भांबावलाय गं. याला कशाला बरोबर नेऊ?" ती हसत गेली, आणि मी दाराशी किल्ली घेऊन उभा. तेव्हा तुमची ती तालीम आठवली.

स्नेहसंमेलन जवळ आलंय. पत्र्याच्या वर्गात ऊन तापलंय. मी पुढं उभा राहून कडवी म्हणतोय, मागं सगळा वर्ग ध्रुवपद धरतोय. तिसऱ्या कडव्यात मी अडकतो, आणि अडकलो हे कळू नये म्हणून तोंडाला येतील ते शब्द घालत चाल रेटत नेतो. पोरं खिदळतात. तुम्ही टेबलावर डस्टर आपटता, खडूची पांढरी धूळ उडते. "थांब! कुठं निघालास बैलगाडी घेऊन? रस्ता तरी आहे का खाली?" वर्ग आणखी हसतो. मग तुम्ही जवळ येता, आवाज खाली आणता. "अडलं की पुढं रेटायचं नसतं, बाळा. ध्रुवपदाशी परत यायचं. तिथं सगळे तुझ्यासोबत म्हणत असतात. दम घे, मग पुन्हा नीघ." तुम्ही स्वतः ध्रुवपद उचलता, वर्ग उचलतो, आणि तिसरं कडवं कोपऱ्यावर वाट बघत उभं असल्यासारखं माझ्या तोंडात येतं.

म्हणून बाई, मी त्या शहराला ध्रुवपद दिलं. लेकीच्या गल्लीच्या टोकाला नदीचा धक्का होता आणि धक्क्यावर एक जुनं झाड. आपल्याकडं वडाला सूत गुंडाळतात, तसं त्याच्या बुंध्याला रंगीत कापड गुंडाळलेलं. हे आपलं ध्रुवपद. पहिल्या दिवशी झाडापासून फक्त पहिल्या वळणापर्यंत गेलो आणि परत आलो. मग दोन वळणं. मग धक्क्यावरची नाव. कुठंही गेलो तरी कडवं झाडापाशी आणून संपवायचं. मला आता कुणी विचारलं, एवढ्या मोठ्या शहरात एकट्यानं काय करावं, तर मी सांगेन, आधी परत यायची जागा ठरवावी, आणि मग नावेत बसून काही काम नसताना नदीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जावं. कुणाला काही दाखवायचं नाही, कुणाचं काही ऐकायचं नाही. इंजिनाच्या आवाजात मी मोठ्यानं कविता म्हणायचो. शेजारच्यांना वाटत असेल, म्हातारा देवाचं काही म्हणतोय. एक बाई तर हात जोडून बसली.

तिथल्या मोठ्या बागेत तळ्याकाठी घोरपडी माणसांसारख्या फिरायला येतात, कुणी त्यांना हाड म्हणत नाही. एका संध्याकाळी शेकडो माणसं पळत होती, आणि कुठूनसं त्यांचं राष्ट्रगीत लागलं. क्षणात सगळी बाग उभी. उचललेलं पाऊल खाली टेकवून जो तो जागच्या जागी. गीत संपलं आणि पुन्हा सगळे पळायला लागले, काही झालंच नाही असे. तुम्ही यती शिकवायचात ना, चरणाच्या मध्ये श्वास कुठं घ्यायचा ते? अख्ख्या बागेनं यती घेतलेला मी बघितला.

आणि तो पहुडलेला सोन्याचा बुद्ध. अजिंठ्याच्या सहलीत तसल्याच दगडी मूर्तीपुढं तुम्ही चपला काढून हात जोडून उभ्या राहिला होतात. तुमच्या घरच्यांचा तो धर्म, हे आम्हा पोरांना तेव्हा नीट माहीतही नव्हतं. बाहेर आल्यावर म्हणालात, "समुद्रापलीकडं याहून मोठा आहे म्हणे. एकदा एकटीनं जाऊन बघायचाय."

"एकटीनं का बाई?" मी विचारलं.

"चला चला म्हणायला कुणी नको म्हणून."

मी त्याच्या चरणांपाशी सगळ्यात जास्त वेळ उभा राहिलो. तळव्यांवर शिंपल्याची बारीक नक्षी आहे, ओळीनं लिहिल्यासारखी. चला म्हणायला कुणी नव्हतं. तुमच्या वाटचंही बघून घेतलं.

मग तो दिवस आलाच. धक्का तोच, पण नावा दोन. एक नदीच्या लांबीनं जाते, दुसरी नुसती पलीकडं. मी कवितेच्या नादात दुसरीत बसलो. पलीकडं उतरलो, गल्ल्यांत शिरलो, एक कालवा लागला, त्यावरचा लाकडी पूल ओलांडला, आणि पुलाच्या पलीकडं गुलमंडी झाली. तोच कोरा रस्ता. लेकीला फोन करावा, तर मुलाला कळणार आणि माझं गेट कायमचं बंद होणार. पाय आपोआप भरभर पडायला लागले. आणि बाई, मागं डस्टर आपटलं. मी थांबलो. भर गल्लीत, लोकांना दिसेल असा.

कोपऱ्यावर पेरूची गाडी होती. गाडीवालीनं मला बघितलं आणि काहीतरी म्हणाली, शेवटी म्हणाली, "खा."

मी म्हटलं, "मावशी, खायचं राहू द्या, धक्का कुठाय?"

ती पुन्हा लांबलचक बोलली. शेवटी पुन्हा, "खा."

"अहो, वाट चुकलोय मी!"

"खा," ती हसून म्हणाली आणि पेरूची फोड पुढं केली, बरोबर तिखट-मीठ. आपल्या शाळेच्या फाटकापाशी मिळायचं, अगदी तसं. आता एवढा आग्रह मोडवेना. मी बसून खाल्ली. (लेकीनं नंतर सांगितलं, तिकडं बायका प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'खा' म्हणतात, आपण 'जी' म्हणतो तसं. मी दोन पेरू खाल्ले होते.) खाता खाता दम परत आला. मी चाल गुणगुणायला लागलो आणि उलटा निघालो. पेरूच्या आधी लाकडी पूल. पुलाच्या आधी कालवा, कालव्याच्या आधी निळ्या खुर्चीचा न्हावी. न्हाव्याच्या आधी शाळा, जिथं पोरं एका सुरात काही घोकत होती. शाळेच्या आधी नदी, आणि नदीपलीकडं रंगीत कापड गुंडाळलेलं माझं झाड. नावेत बसलो तेव्हा डोळे भरून आले होते. वाट सापडल्याचं सुख होतंच, पण बाई, मी अजून आहे, सगळा गेलेलो नाही, हे कळल्याचं सुख त्याहून मोठं होतं.

परत आल्यावर मुलानं चहा पिता पिता विचारलं, "बँकॉकवाली म्हणते, तुम्ही रोज एकटे हिंडत होतात. खरं का?"

"व्हय."

त्यानं उरलेला चहा संपवून कप खाली ठेवला. मग म्हणाला, "सुतळी संपलीय. गुलमंडीत जाऊन आणता का?"

याच्याहून गोड काही तो मला आजवर बोलला नसेल. काल गेलो. त्याच कापडाच्या दुकानाची पायरी ध्रुवपद धरली. सुतळी घेऊन वळलो, आणि तुम्हाला म्हणून सांगतो, रस्ता पुन्हा एकदा कोरा झाला. मी रेटलं नाही. मागं फिरून पायरीवर जाऊन बसलो. दुकानदार गल्ल्यावरून ओरडला, "काय काका, काही इसरलं काय?" म्हटलं, "नाय रे, यती घेतोय." त्याला वाटलं चहा. त्यानं मागवलाही. चहा संपला आणि रस्ता जागेवर होता, रिक्षाच्या थांब्यापर्यंत.

हे पत्र पाठवायचं कुठं? तुमच्यापाशी पत्ता नाही आणि माझ्यापाशी तिकीट नाही. तेव्हा राहू दे घरातच. सुनेनं आता खिशात चिठ्ठी ठेवणं सोडलंय; बँकॉकहून आलेल्या माणसाला कशाला, म्हणते. तिला माहीत नाही, पण सदरा बदलला की ती चिठ्ठी मीच आठवणीनं काढतो आणि नव्या खिशात ठेवतो.