दोन सेंटीमीटर आखूड

प्रिय मिस्त्री,

अत्यंत जड अंतःकरणाने तुझ्याविरुद्ध तक्रार नोंदवायला बसले आहे. तुझ्याकडे पाठवलेला माल परत येताना आखूड होऊन येतो. प्रत्येक सुट्टीनंतर आपल्या बुटकीच्या बॅगेत तुझी चिठ्ठी असते, सुताराच्या त्या जाड पेन्सिलीनं लिहिलेली. या खेपेची होती: उंची एकशे बत्तीस. मी तिला त्याच दिवशी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी केली, डोक्यावर वही आडवी धरली, खूण केली, टेप लावला. एकशे तीस! दर खेपेला हेच. दोन गाड्या आणि एक विमान एवढ्या प्रवासात पोरगी दोन सेंटीमीटर झिजते म्हणजे काय? साबण आहे का ती?

निकाल मी केव्हाच देऊन टाकला होता. तू तिला बुटांसकट मोजतोस. पुरावा म्हणून आपल्या लग्नाचा फोटो आहेच, माझ्याशेजारी उंच दिसायला कुणी जाड टाचांचे बूट घातले होते ते सांगायला नको. शिवणाच्या दुकानातल्या माझ्या दोन्ही कारागीर बायकांना मी हे सांगितलं, खालच्या इस्त्रीवाल्याला सांगितलं, आणि राहवलं नाही म्हणून तुझ्या आईंनाही फोनवर सांगितलं. आपलं नातं कागदावर सुटलं, पण माझ्या तोंडचं 'अहो आई' काही सुटत नाही. त्या म्हणाल्या, अगं, तो लाकडात केसभर चुकत नाही, पोरीत कसा चुकेल? मी म्हटलं, अहो आई, लाकूड बूट घालत नाही. उगाच नाही तू मला कात्री म्हणायचास.

पण खरं सांगू, हसण्यावारी नेण्याइतकी ही गोष्ट लहान राहिली नव्हती. शाळा माझ्याकडे, सुट्ट्या तुझ्याकडे, असं न्यायाधीशबाईंनी कागदावर आखून दिलं ते आपण दोघांनी मुकाट्यानं पाळलं. बुटकी मात्र त्याचा हिशेब तिच्या पद्धतीनं लावत होती. एकदा दारातल्या खुणांवरून बोट फिरवत तिनं विचारलं, आई, मी बाबांकडे उंच असते आणि तुझ्याकडे आले की बुटकी का होते? मी म्हटलं, अभ्यास कर. त्या दुपारी सुईत दोरा ओवायला मला चार खेपा लागल्या.

बाकी तिचं उत्तम चाललंय. पुढचा दात पडल्यापासून ती शिट्टी वाजवते, आणि ती शिकवणी कुणाची हे चौकशीशिवाय कळतं. इथे असली की 'आमच्याकडे' म्हणजे तुझं घर. आमच्याकडे दार वाजत नाही, आमच्याकडे टेबल डगमगत नाही. मला वाटायचं, झालं, गेली पोरगी हातातून. मग अहो आईंनी सांगितलं की तिथे 'आमच्याकडे' म्हणजे माझं घर असतं, आणि आमच्याकडे कुणाच्याच शर्टाचं बटण लोंबत नाही म्हणे. थोडक्यात, दोन्ही घरांत ती तपासनीस म्हणून वावरते.

तर गेल्या रविवारी तपासनीसबाईंनी छापा घातला. दप्तराच्या तळातून तुझा स्टीलचा टेप काढला. तुझ्या पेटीतून ढापलेला, बाबांकडे सात आहेत, एक गेला तर कळत नाही म्हणे. माझ्या कापडी टेपशेजारी तो बेतायच्या टेबलावर लांब पसरला आणि हाताची घडी घालून उभी राहिली. दीडशेच्या खुणेला माझा टेप तुझ्यापेक्षा दोन सेंटीमीटर पुढे! बारा वर्षं गळ्यात अडकवून, ओढून ओढून सैल पडलेला. बुटकी म्हणाली, आई, मी आखूड होत नाही गं, तुझा टेप लांब झालाय. कारागीर बायकांनी हसू लपवायला एकदम मशिनी सुरू केल्या.

तू विचारशील, मग इतकी वर्षं गिऱ्हाइकांचे कोट बसले कसे? अरे, अंगही त्याच टेपनं मोजायचं आणि कापडही त्याच टेपनं. चूक दोन्हीकडे सारखी, मग पकडणार कोण? शेजारी दुसऱ्या घरचं माप येईपर्यंत खोटं अगदी अंगाबरोबर बसतं.

बुटांचं मी मागे घेतलं. अहो आईंना फोन करून तसं सांगितलंही. त्यांनी फक्त 'हं' म्हटलं, आणि ते 'हं' किती लांबीचं होतं ते कुठल्याच टेपनं मोजता येणार नाही. पण पत्र त्यासाठी नाही. तीन वर्षांपूर्वी, तिच्या पहिल्याच सुट्टीला, मी तुला कळवलं की तिला एकशे दोन ताप आहे. तिच्यासाठी शिडीचा पलंग बनवून, कामावर रजा टाकून तू वाट बघत होतास. रोज संध्याकाळी फोन करायचास आणि मी रोज अर्धा अर्धा अंश उतरवायचे. चौथ्या दिवशी तू पार्सलनं नवा थर्मामीटर पाठवलास, माझा जुना बिघडला असेल म्हणून. तू संशय घेतलास तो थर्मामीटरवर. मी घेतला तो तुझ्या बुटांवर. मिस्त्री, तिला ताप नव्हता. ती समोर दोरीवरच्या उड्या मारत होती. भरलेल्या बॅगेची चेन लावायला माझा हात धजत नव्हता, कारण ती परत येईल यावर माझा विश्वास नव्हता. आली ती, दर खेपेला आली. कागदाप्रमाणे या वेळी ती वीस तारखेला निघायची. शाळा अकरा तारखेला संपते, मी तिकीट बारा तारखेचं काढलंय. परतीची तारीख आहे तीच. बॅगेत वरच तुझा टेप आहे, आणि त्याखाली तो थर्मामीटर, डबी अजून फोडलेली नाही. उतरल्या उतरल्या तिला मोज. बुटांसकट मोजलीस तरी चालेल.

कागदाला न विचारता, या एका पत्रापुरती,
तुझीच,
कात्री