यामिनी म्हणाली, छान आहे

॥ श्री महादेव प्रसन्न ॥

भुपेंद्र भाऊजींना वहिनीचा आशीर्वाद.

तुम्ही पुण्याहून पाठवलेली कादंबरी यामिनीला दवाखान्यात वाचून दाखवली. तिचा सिकलसेलचा त्रास पुन्हा वाढला आहे. सांधे इतके दुखतात की तिला पुस्तकही धरवत नाही. कादंबरीतली शाळकरी पोरगी आजारी पडते आणि शेवटी बरी होऊन शर्यत जिंकते.

तुमच्या पुतणीची जीभ तुम्हाला माहीत आहे. मागच्या पुस्तकाच्या वेळी म्हणाली होती, "काकाले सांग, मी सोळा वर्षांची झाली, सहाची नाही. शेवटच्या पानावर सारे बरे कायले होतात? त्या लेखकाले आधी रक्त चढवा, मग लिही म्हणा." मी हसू दाबून रागावले होते.

या वेळी शेवट वाचून मी टोमण्याची वाट पाहिली. ती भिंतीकडे पाहून राहिली होती. मग म्हणाली, "छान आहे. शेवटचं पान अजून एकदा वाच ना."

मी मुद्दाम म्हटलं, "काऊन वं, असं कुठं होते का?"

"होत असन, आई."

भाऊजी, या वेळचं दुखणं अवघड आहे असं डॉक्टर बोलले तेव्हाही मी आपल्या इकडच्या प्रतापगडच्या महादेवावर भार टाकून निश्चिंत होते. आता जप करताना नुसते ओठ हलतात. आपली पोरगी घाबरली आहे.

हे पत्र पोथीतच ठेवते. फोनवर 'तिला आवडलं' एवढंच सांगेन. तुम्हाला आनंद होईल आणि तुम्ही तसलंच दुसरं पाठवाल. पाठवाच, ती वाट पाहून राहिली.

तुमची वहिनी,
निर्मला