एक जूनचा जन्म

१४ जुलै २०२५, सोमवार

चार! मोजून चार जणी उरलो. मी, वैदेही आणि होस्टेलच्या त्या दोघी बार्शीकर बहिणी. बाकीच्या पास होऊन गेल्या, एकीचं लग्न झालं, एकीनं पुण्यात ॲडमिशन घेतली आणि सांगितलंसुद्धा नाही. क्रीडा विभागात पंख्याखाली बसून यशोदा मॅडम म्हणाल्या, "चौघींत कॅरम होतो ग, बास्केटबॉल होत नाही." पाच जणी नसतील तर ऑक्टोबरातल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला कॉलेज नावच देणार नाही.

कॅप्टन मी. म्हणजे पोरी शोधायचं काम माझं.

बी.ए.चं माझं हे शेवटचं वर्ष. यंदा नाही झालं तर कधीच नाही. काय, ते इथंच लिहिते, दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसतील. मला विद्यापीठाच्या संघाचा ट्रॅकसूट पाहिजे. निळा, पाठीवर विद्यापीठाचं नाव. बारावीनंतर पाच वर्षं चिंचोळी एमआयडीसीत टॉवेल पॅक करत होते. तेव्हा कंपनीच्या गाडीतून एकदा बघितला होता. एक मुलगी नाक्यावर उभी राहून वडापाव खात होती, आमच्याकडे पाठ करून. गाडी थांबली होती तेवढा वेळ मी ती पाठ वाचत बसले. त्या पाठीसाठी तेविसाव्या वर्षी परत कॉलेजात आले. घरी सांगितलं, शिकायचंय. तेही खोटं नाही.

१७ जुलै

ट्रायलला अकरा जणी आल्या. सहा सेल्फी काढून गेल्या. दोघींना सर्टिफिकेट लगेच मिळतं असं वाटलं होतं. एकीनं विचारलं, नखं कापावी लागतील का? हो म्हटल्यावर तीही गेली.

उरल्या दोन. प्रतिक्षा — पाच फूट दहा! पण पोरीला उंचीची एवढी लाज की चालते वाकून, उभी राहते वाकून. हात वर कर म्हटलं तर कानापर्यंत नेते आणि इकडंतिकडं बघते. दुसरी शिवलीला, अक्कलकोटच्या पलीकडची, घरी कानडी. आयुष्यात बॉल हातात धरलेला नाही, खो-खो खेळलेली. पण काय पळते! मी शिट्टी वाजवायची विसरले.

एकच भानगड. एकदा सुटली की वळत नाही. बॉल मागं पडला तरी ही सरळ पुढं जाणार, बास्केटच्या खांबाला वळसा घालणार आणि मग परत येणार. वैदेही हसून हसून खाली बसली. मी म्हटलं, "अगं बॉल इथं, तू कुठं?" तर म्हणाली, "दिशा घेतली की मागं फिरायचं न्हाय की ताई. फाऊल हाय." खो-खोचा नियम तिच्या पायात बसलाय. तो बाहेर काढायचा म्हणजे माझे दोन महिने गेले.

१८ जुलै

पण काय पळते!

२४ जुलै

शिवलीलाचे वडील संगप्पा आले होते. स्टूल दिलं तरी बसेनात. "बॉलामुळं पोरीला नोकरी लागंल का ताई?" मी म्हटलं, माहीत नाही. खोटं बोलायला पाहिजे होतं का? त्यांनी बराच वेळ कोर्टाकडं बघितलं. ती तेव्हा पळतच होती. मग म्हणाले, "पळू दे. घरात बी पळतीच." झालं. सहा झालो!

५ ऑगस्ट

आईला आज परत म्हटलं, एकदा तरी ये की बघायला. दवाखान्यातल्या कामावरून येताना वाटेतच तर आहे कॉलेज. "मला काय कळतंय त्या बॉलातलं," म्हणाली. आणि भाकरी उलटली.

वैदेहीची आई येते. डब्यात लाडू घेऊन येते. वैदेहीच्या हातून बॉल सुटला तरी टाळ्या वाजवते. मला त्या टाळ्यांचा लई राग येतो. का येतो ते मला माहीत आहे.

आणि आमच्या आईसाहेबांची ड्युटी चारला सुटते, घरी यायला सहा. रोज बस चुकते म्हणे. चहा मीच करायचा.

१३ ऑगस्ट

शिवलीलाला विचारलं, 'वळ'ला कानडीत काय म्हणतात? तिरगू. आज तासभर मी नुसती "तिरगू! तिरगू!" ओरडत होते. एका पायावर उभं राहून दुसरा फिरवायचा, एवढंच तर आहे. सातव्यांदा वळली. आणि वळून एवढी दचकली की बॉल फेकून दिला. तो माझ्या गुडघ्यावर.

घरी काही बोलले नाही. तरी आईनं हळद गरम करून आणली आणि बरोब्बर डाव्याच गुडघ्याला लावली. कसं कळतं हिला?

२८ ऑगस्ट

आता शिवलीला वळते. प्रतिक्षाचे हात वर जातात. मी बॉल वर टाकते, प्रतिक्षा घेते, शिवलीलाला देते आणि परत माझ्या हातात येतो तेव्हा समोर कुणीच नसतं. गेल्या दोन वर्षांत असं झालं नव्हतं. मॅडम कुणाला चांगलं म्हणत नाहीत. आज म्हणाल्या, "निवड समितीची माणसं येतील तेव्हा असंच खेळा."

घरी येईपर्यंत पाठीवर काहीतरी लिहिल्यासारखं वाटत राहिलं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

कसं लिहू.

स्पर्धेचे फॉर्म भरत होते. अक्षर बरं म्हणून ते काम दरवर्षी माझंच. शाळेच्या दाखल्यावरून जन्मतारखा उतरवायच्या. शिवलीला — एक जून. बार्शीकरांपैकी धाकटी — एक जून. मी — एक जून. वैदेही म्हणाली, "तुमच्या गावांत बाकीच्या महिन्यांत पोरं होतच नाहीत का ग?" सगळ्या हसलो. मीही. खेड्यातल्या शाळेत असंच असतं. पहिलीला सहा पूर्ण लागतात, शाळा जूनमध्ये उघडते, मग गुरुजी सरळ एक जून टाकून मोकळे.

मॅडम फॉर्म तपासायला लागल्या. माझ्या ओळीवर बोट थांबलं. १ जून २०००. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "प्रिया, एक जुलैला पंचवीस पूर्ण झालेले चालत नाहीत ग."

मी म्हटलं, मला चोवीस आहेत मॅडम. खरंच चोवीस आहेत! आई कायम सांगते, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झालीस, तुझा बाप नागपूरला दीक्षाभूमीवर आणि हितं मी एकटी. २००० सालचा दसरा सात ऑक्टोबरला होता, मी केव्हाच मोबाईलवर बघून ठेवलंय. म्हणजे मी आठ ऑक्टोबरची. तेव्हापासून आई आठ तारखेला शिरा करते.

"कागदावर एक महिना जास्त झाला," मॅडम म्हणाल्या. "एकच महिना ग."

थोरली बार्शीकर म्हणाली, घाला की दोन हजार एक, कोण बघतंय. मॅडम म्हणाल्या, कुणी बघितलं तर अख्खी टीम बाद.

६ सप्टेंबर

गुरुजींना शोधणार. एक तारीख टाकून मोकळे झाले. माझं काय?

९ सप्टेंबर, मंगळवार

करमाळ्याला जाऊन आले. मॅडम सोडून कुणाला सांगितलं नव्हतं. एसटीत भांडणाची वाक्यं पाठ करत होते. करमाळ्यातून जीपनं गावात. आम्ही ते गाव सोडलं तेव्हा मी चौथीत होते. शाळा आहे तशीच, फक्त रंग नवा.

आताच्या हेडमास्तरांनी रजिस्टर दाखवलं. म्हणाले, दहावीनंतर आमच्या हातात काही नाही, कोर्टात जावं लागेल, वर्ष तरी जाईल. फॉर्मची मुदत पंधरा तारखेला संपते.

मग एकनाथ गुरुजींकडं गेले. रिटायर झालेत, शाळेच्या मागंच राहतात. शेळीला पाला घालत होते. मी नाव सांगितलं, आईचं सांगितलं, आणि पहिलं वाक्य काढणार एवढ्यात त्यांचा चेहरा फुलला.

"केराबाईची तू? अगं, तुझ्या आईला मी दोनदा परत पाठवली. पाच वर्षं आठ महिने होते तुला. म्हटलं, पुढच्या वर्षी आण. तिसऱ्या दिवशी खुरपायला गेलीच नाही. शाळेच्या दारात बसून राहिली तुला घेऊन. म्हणाली, गुरुजी, सहा लिवा की. माझ्या पोरीचं एक वर्स वाया जातंय."

मी विचारलं, मग?

"मग काय, लिहिलं. आणि बघ, शिकलीस की नाही?"

चहा प्यायला. शिकले म्हटलं. पाठ केलेली वाक्यं तशीच परत घेऊन आले.

आईनं विचारलं, कुटं गेलतीस दिवसभर? म्हटलं, खेळाडू शोधायला.

११ सप्टेंबर

आईला सांगायचं नाही. तिनं माझं एक वर्ष वाचवलं. तेच वर्ष आज मला नडलं हे तिला का कळावं? आयुष्यभर उगाळत बसेल.

१२ सप्टेंबर

माझं नाव मीच खोडलं. मॅडम खोडायला तयार नव्हत्या. सहातून एक गेली, पाच उरल्या. बदली खेळाडू एकही नाही.

मॅडम म्हणाल्या, मॅनेजर म्हणून बेंचवर बस. म्हणजे पाण्याच्या बाटल्या.

१९ सप्टेंबर

पाऊस थांबायचं नाव नाही, कोर्टावर घोटाभर पाणी. पोरी व्हरांड्यात पास करत होत्या. मी बाजूला उभी राहून सांगत होते, कोपर आत घे, मान वर ठेव. शिवलीला म्हणाली, "ताई, तुमी घ्या की एक." घेतला. सोडावासा वाटेना. खेळावंसं वाटतंय. दुसरं काही नाही, नुसतं खेळावंसं वाटतंय. ट्रॅकसूट गेला खड्ड्यात. एक मॅच. अर्धी मॅच.

३ ऑक्टोबर

नवे शर्ट मंजूर झाले नाहीत. जुन्यातला शिवलीलाच्या अंगाला माझाच बसतो. अकरा नंबर. धुतला, इस्त्री केली, दिला. ती घ्यायला तयार होईना. मग मी खेकसले, "घाल गुमान!" तेव्हा घातला.

सोमवारपासून स्पर्धा, दरवर्षीसारखी आमच्याच कॉलेजवर. घरी सांगितलंय की मॅच आहेत. खेळणार कोण हे सांगितलेलं नाही. बूट भरलेली बॅग घेऊनच निघायचं.

६ ऑक्टोबर, सोमवार

दोन्ही मॅच जिंकलो! पाच जणींत! वैदेही चार फाऊलवर गेली, आणखी एक झाला की बाहेर, तेव्हा मॅडमनी माझा दंड एवढा दाबला की वळ उठलाय. आई सात वाजता आली, म्हणाली बस मिळाली नाही. "जिंकलीस का?" जिंकलो म्हटलं. ते खरंच होतं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

फायनल तीन पॉइंटनी हरलो.

पण ते लिहायचं नाही. हे लिहायचंय. शेवटची काही मिनिटं, शिवलीलानं त्यांचा बॉल काढला आणि सुटली. समोर त्यांच्या दोघी आल्या. मागनं प्रतिक्षा मोकळी. माझ्या तोंडातनं आपोआप निघालं, "तिरगू!" सगळं मैदान माझ्याकडं बघायला लागलं. ती एका पायावर अशी वळली की त्या दोघी तशाच पुढं निघून गेल्या. प्रतिक्षानं हात पूर्ण वर केले. पहिल्यांदा सरळ उभी राहिली ती पोरगी.

संध्याकाळी विद्यापीठाच्या सराव शिबिराची यादी लागली. आमच्या कॉलेजातून एकच नाव — शिवलीला. ती माझ्या गळ्यात पडून रडली. मला आनंद झाला. पोटात जळलंही. दोन्ही लिहून ठेवते, खोटं कशाला बोलायचं. तिला ट्रॅकसूट मिळाला की एकदा पाठमोरी उभी कर म्हणणार आहे.

८ ऑक्टोबर, बुधवार

आईनं शिरा केला. मी खात होते, ती ओट्याकडं तोंड करून भांडी घासत होती. तशीच पाठमोरी म्हणाली, "औंदा बसून का हुतीस ग? अकरा नंबर त्या कानडी पोरीच्या पाठीवर कसा काय?"

घास बशीत परत ठेवला. "तुला काय माहीत?"

"पाण्याच्या टाकीमागनं बघते की. तीन वर्सं झाली. दवाखान्याच्या साडीत आत कुटं यायचं तुज्या मैत्रिणीत?" मग हात पुसत माझ्याकडं वळली. "सांग की. कुणी बसवलं तुला?"

म्हटलं, गुडघा दुखत होता.

आई हळद तापवायला वळली.