मावसबहीण कपाटात का राहते

वेरिबी,
३ जून २०२५

चि. उल्हास यास अनेक आशीर्वाद.

अप्पा शनिवारी तुझ्याकडे येतायत. हे फोनवर सांगितलं असतं, पण इथला प्रत्येक फोन ते स्पीकरवर टाकायला लावतात, म्हणून पत्र. ऑगस्टमध्ये ते ठरवणार आहेत : माझ्याकडे राहायचं, तुझ्याकडे, की मायदेशी परत जाऊन कराडच्या फ्लॅटमध्ये एकट्याने. तिसऱ्या पर्यायाबद्दल ते फार प्रेमाने बोलतात, त्याची मला भीती वाटते.

आई गेल्यानंतर ते पहिल्यांदा हसले ते इथे, एका फ्रेंच मालिकेला. निरोपाचा सत्कार चुकवायला एका छोट्या गावचा महापौर मेल्याचं सोंग घेतो आणि स्वतःच्याच घरात लपून राहतो, अशी गोष्ट आहे. अप्पा ठसका लागेपर्यंत हसतात. इंग्रजी सबटायटल्स त्यांच्या डोळ्यांना झेपत नाहीत, म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगते. तूही सांग. तुमच्याकडे जाहिरातीसुद्धा ज्ञानवर्धक असतील तेवढ्याच बघतात हे माहीत आहे, तरी सांग.

मी तुझी मदत मागतेय की माझं ओझं तुझ्यावर टाकतेय, हे डायरीत लिहून पाहिलं. निकाल लागला नाही.

लोभ आहे तेवढा टिकव. वाढला तर कळव.

तुझी,
मेधाताई

कॅसल हिल,
१७ जून

ति. मेधाताईस शि. सा. न.

अप्पांसाठी आम्ही भिंतभर टीव्ही घेतला. ऑफिसातून मेट्रोने धावतपळत येऊन मी त्यांच्याशेजारी बसलो आणि सबटायटल्स शब्दन् शब्द मराठीत आणली. थोड्याच वेळात त्यांनी मला थांबवून विचारलं, की मी हे कुठून वाचतोय. त्यांच्या माहितीप्रमाणे मालिकेतली ती जनावरांची डॉक्टरीण महापौरांची मावसबहीण आहे. ती कपाटात राहते, कारण तिला गार वारा सोसत नाही. गावकरी सकाळपासून पितात ते कोकम सरबत. आणि पाद्री महापौरांच्या बायकोमागे धावतो तो वर्गणीसाठी.

ताई, अभिनंदन. इतकं सोज्वळ गाव फ्रान्सच्या सरकारलाही सापडलेलं नसणार. तुझी भावजय चिन्मयी हसू आवरेना म्हणून कुकर बघायला गेली. कुकर लावलेलाच नव्हता. मी मात्र अप्पांना महापौर आणि डॉक्टरणीचं खरं नातं नीट समजावून सांगितलं. ते फक्त ‘असं का?’ एवढंच म्हणाले. तेव्हापासून हसणं बंद. काल त्यांनी चौकशी केली, की कराडच्या फ्लॅटला पाणी येतंय का.

तू हे का केलंस, आणि आता मी काय करू, दोन्ही लिही.

लहान भावावर माया असू दे. तो खरं बोलतो म्हणून आटवू नकोस.

तुझा,
उल्हास

वेरिबी,
२४ जून

चि. उल्हास यास अनेक आशीर्वाद.

पहिल्याच भागात ती डॉक्टरीण नुसत्या शर्टात कपाटातून बाहेर आली. अप्पा शेजारी शेव खात होते. माझ्या तोंडून मावसबहीण निघून गेली. एकदा नातं लावल्यावर ते निभवावं लागलं, आणि त्यासाठी गावातल्या बाकीच्यांनाही सुधारावं लागलं.

अप्पांना अवघडल्यासारखं होईल म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगत होते. अवघडत होते मी. सेहेचाळीस वर्षांची बाई वडिलांशेजारी बसून एका फ्रेंच कपाटाला घाबरते, यावर तुला हवं तेवढं हस. पण उभा जन्म डोळे उघडे ठेवून जगलेल्या माणसाला मी बाळ समजले, याचं मला खरंच वाईट वाटतंय. सोबत त्यांच्यासाठी माफीचं पत्र आहे, ते वाचून दाखव. कराडला मात्र जाऊ देऊ नकोस. तुझ्याकडे कायमचे राहिले तरी चालेल. (हे वाक्य मी तीनदा खोडलं.)

माझ्याबद्दल जे काही शिल्लक असेल ते असू दे.

मेधाताई

कॅसल हिल,
४ जुलै

चि. सौ. मेधा हीस अ. उ. आ.

मी सांगतो, उल्हास लिहितो आहे. तोंड वाकडे करून का होईना, लिहितो आहे.

माफीपत्र ऐकले. भाषा चांगली आहे; गरज नव्हती. मला अक्षरे दिसत नाहीत, माणसे दिसतात. बायकोची गाडी दारात येताच मावसबहिणीला खिडकीतून कोणी उतरवत नाही, हे मला पहिल्या दिवशीच कळले होते. पण आता तू काय सांगणार, याची मला उत्सुकता लागली. पाद्र्याने त्या बाईचे चुंबन घेतले तेव्हा तो तिचा ताप बघतोय, असे तू म्हणालीस आणि तुझे कान लाल झाले. मी हसत होतो ते तुला. मालिका तशी बेताचीच आहे.

तुझी आई टीव्हीवर असा प्रसंग आला की पाणी आणायला उठायची. संसारात मी तहान नसताना पुष्कळ पाणी प्यायलो. तू उठली नाहीस, बसून सांगत राहिलीस. मला बरे वाटायचे.

उल्हास अचूक सांगतो, त्यामुळे हसायला जागा राहत नाही. त्याला वाईट वाटू नये म्हणून मी दोनदा हसून पाहिले. त्याने ठसका लागला समजून पाठ चोळली.

कराडचा फ्लॅट भाड्याने द्यायला सांगितला आहे. ऑगस्टपासून तुझ्याकडे राहीन. वर्षातून दोन महिने इथे. काल ते दोघे पुन्हा कपाटात शिरले तेव्हा उल्हास प्रथमच अडखळला, आणि बहुधा आत काहीतरी शोधत असावेत, असे म्हणाला. मुलगा हाताबाहेर गेलेला नाही.

तुम्हा दोघांचे भांडण असेच चालू राहो.

तुझे,
अप्पा