हिरड्याचं पाणी आणि तुमचा शेवटचा फोटो

चांदा

प्रिय वामनभाऊ,

प्रिय म्हणायची रीत आहे, म्हणून म्हणतो. परवा तुमची तेरवी झाली आणि पुढल्या महिन्यात माझ्या पेटंटची सुनावणी आहे. हरकत घेणारे तुम्ही आणि निघून जाणारेही तुम्हीच. आता भांडू कोणाशी?

"याले शोध म्हनते का? धंद्यातल्या कोनालेई सुचंन," असं तुम्ही साऱ्या गावात सांगत फिरलात. कलकत्त्याच्या पेटंट कचेरीलाही तेच लिहिलंत. शोध काय, तर फोटोचा थर उन्हाळ्यात पघळू नये म्हणून हिरड्याच्या पाण्यानं तो घट्ट करायचा. काचेवरचा फोटोचा थर जिलेटिनचा, जिलेटिन कातड्याचं, आणि कातडं कमावतात हिरड्यानं. झालं सिद्ध. उत्तर पाठ असलं की गणित सोपंच असतं, भाऊ.

मग तुम्हाला का नाही सुचलं? मला हा धंदा शिकवलात तुम्हीच. जंगलातला हिरडा तुमच्या दुकानावरूनच गाड्या भरून जायचा. तरी शिमगा झाला की दाराला कुलूप. "पानी तापलं, थर पघळून राह्यला. मिरगानंतर या." तेही ऐन लग्नसराईत. कोणती नवरी मिरगापर्यंत हळद टिकवते?

धानोऱ्याची ती नवरी आठवते? हट्टानं तिचा फोटो उन्हाळ्यात धुतलात आणि नाक ओघळून हनुवटीवर आलं. "चेहराच तसा हाय," म्हणालात तिच्या बापाला. इतका कोडगेपणा मला जन्मात जमणार नाही.

मीही आधी, फोटो धुऊन झाल्यावर, हिरडा वापरून पाहिला. काचेवर डाग पडले. "चायमंदी बुडवला का बे?" म्हणून हसलात. तिथे तुमची अक्कल संपली. डाग पडू नयेत म्हणून हिरड्याच्या पाण्यात सल्फाइट घालायचं आणि धुण्याच्या आधीच काच त्यात बुडवायची, हे कळायला माझे कित्येक उन्हाळे नासले. तुम्हाला मात्र माझा अर्ज वाचल्याबरोबर सहज सुचलं.

राग येतो. माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून शिव्या द्यायला तुम्ही नाही, याचाही येतो.

गेलात तेही भर मे महिन्यात. तुमचा मुलगा माझ्याच दारी आला. "भाऊ, बाबाचा शेवटचा फोटो काढून दे. उन्हाळ्यात दुसरा कोनी धुवत नाई." तुम्हाला खुर्चीत बसवलं, हार घातला, घरचे भोवती उभे राहिले. मी काच हिरड्यात बुडवली. तुमच्या मिशीचा केस न् केस जागेवर आहे.

शब्द देतो, भाऊ. सुनावणीला तोच फोटो नेईन. साहेबांनी विचारलं हे कोण, तर सांगेन, "हरकत घेणारे. उन्हाळ्यात यांचं दुकान बंद असायचं."

तुमचा नालायक शागीर्द,
माधव