औषधाचं घड्याळ

३ मार्च
पोटात अल्सर निघाला. डॉक्टरीणबाईंनी तोंडातून दुर्बीण घालून पाहिलं. मी तीस वर्षं भिंग लावून घड्याळांच्या पोटात बघतोय, त्यामुळे त्यांचं काम मला लगेच कळलं. मेहुणा म्हणतो, ऑपरेशन करून टाका. थोरली बहीण म्हणते, थंड दूध. बाई म्हणाल्या, दोन्ही नको, आत जंतू आहेत ते मारायचे. तीन प्रकारच्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ आठला, चौदा दिवस, एकही चुकवायची नाही. डोकेदुखीची गोळी बंद. शौचाला काळं झालं तर तडक हॉस्पिटल, कारण ते रक्त असतं.
बायको म्हणाली, गोळ्या माझ्याकडे द्या. घड्याळजीला वेळ शिकवायला निघाली.

४ मार्च, आठ वाजता
दुकानातलं लंबकाचं घड्याळ घरी आणून टांगलं. मीच दुरुस्त केलेलं, गिऱ्हाईक न्यायला आलंच नाही. औषध याच्याच ठोक्यावर.

८ मार्च, आठ वाजता
तोंड कडू. बायको म्हणते मोबाईलमध्ये आठ वीस झालेत. मोबाईलला लंबक तरी आहे का?

११ मार्च
पोट अजिबात दुखत नाही. चालू झालेल्या घड्याळात मी पुन्हा तेल ओततो का? संध्याकाळच्या गोळ्या बंद. घरात बोललो नाही, उगाच काळजी करतात.

१७ मार्च
कोर्स संपला. मूठभर गोळ्या उरल्या. बायकोच्या हाती लागल्याच. म्हटलं, कमी औषधात बरा झालो. तिने भांडी जरा जोरात घासली.

२२ मार्च
बायकी मनगटी घड्याळ, मुंगीएवढे स्क्रू. डोकं ठणकलं. एक गोळी घेतली. बाईंनी ती पोटासाठी बंद केली होती, मी डोक्यासाठी घेतली.

२६ मार्च
रोज एकच घेतो. फार तर दोन. पोटात किंचित जळजळ. दुकानातला चहा कडक असतो.

२९ मार्च, सकाळ
काळं झालं. काळी द्राक्षं खाल्ली असणार. कधी ते आठवत नाही.

२९ मार्च, दुपार
दुकानात स्टुलावरून पडलो. स्टूल डुगडुगतं, दुरुस्त करायला हवं. गिऱ्हाईकाने तोंडावर पाणी मारून बायकोला फोन केला. विचारलं कुणी होतं त्याला?

३१ मार्च, हॉस्पिटल
दोन बाटल्या रक्त चढवलं. दुर्बिणीतूनच रक्त थांबवलं. बाई रागावल्या नाहीत, त्याचीच भीती वाटली. विचारलं, गोळ्या सगळ्या घेतल्या होत्या ना? मी छताकडे बघितलं. बायको म्हणाली, "घेतल्या हो, त्यांच्या घड्याळाप्रमाणे." मग मीच सगळं सांगितलं, डोक्याच्या गोळ्यांसकट. जंतू आहेतच. आता दुसऱ्या गोळ्या, पुन्हा चौदा दिवस.
बायको बाहेर जाऊन डोळे पुसून आली. मला वाटलं होतं तिला माझा राग आलाय.

५ एप्रिल
घरी. गोळ्या तिच्या डब्यात. सकाळची समोरच्या शाळेची घंटा झाली की. संध्याकाळची कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने आठला शटर ओढलं की. रविवारी ती हाक मारते. तीस वर्षांचा घड्याळजी मी.
आत्ता शटर पडलं. लंबकाच्या घड्याळात पाच वीस. निमूटपणे काटे पुढे सरकवायला उठलो. ती म्हणाली, "त्याचं नंतर बघा. आधी गोळी."
घेतली.