चार्टवरचे बाबा

३ जुलै
वसतिगृहाची लिफ्ट मधेच गचका खाते. बाबांनी नुसत्या आवाजावरून सांगितलं असतं, काय बिघडलंय ते. मी जिन्याने जाते.

आज इथल्या शिबिराचा पहिला वर्ग. विषय – जागतिक नागरिकत्व. बाईंनी वर्तुळं काढायला लावली. आत आपण, मग घर, शहर, देश, शेवटी जग. बाहेरच्या वर्तुळातल्या माणसाचं दुःखही आपल्याला घरच्यासारखं वाटलं पाहिजे, म्हणाल्या. सगळ्यांनी लिहून घेतलं. माझं पेन घराच्या वर्तुळापुढे सरकेना.

५ जुलै
जोड्या लावल्या. एकीने दुसरीच्या घराची माहिती काढायची, चार्ट करायचा आणि समारोपाला सगळ्यांसमोर ओळख करून द्यायची. मला खोलीतलीच मिळाली. मनात मी तिला चिमणी म्हणते – तोंड मिटत नाही तिचं. परक्या देशातली, पण विचारपूस मावशीसारखी! वडील काय करतात? म्हटलं, लिफ्ट दुरुस्त करतात. मला घ्यायला विमानतळावर येणार आहेत.

हे तोंडून निघालंच कसं? मे महिन्यात बाबा गेले. हॉस्पिटलमधून त्यांचे बूट मीच पिशवीत घालून घरी आणले.

८ जुलै
चिमणीने चार्टवर बाबा काढलेत. हातात पाना, ओठांवर भल्यामोठ्या मिशा. बाबांना मिशा नव्हत्या. ती जीव ओतून रंगवत होती. आता सांगू तरी काय – मिशा खोड, की माणूसच खोड?

९ जुलै
आज सांगणार होते. नाही सांगितलं.

११ जुलै
समारोपाला घरच्यांनाही पडद्यावर बोलवायचं ठरलंय. चिमणी खूश – बाबांना त्यांचं चित्र दाखवायचंय तिला.

संध्याकाळी आईचा फोन. जगाची नागरिक व्हायला गेलीस, आधी घरचा फोन तरी उचलत जा, म्हणाली. हसली. मीही हसले. जेवलीस का? जेवले. बाबांचा विषय दोघींनीही काढला नाही. समारोपासाठी ती शेजारणीचा मोठा फोन मागून आणणार आहे. येऊ नकोस म्हणायला कारण सुचेना.

१३ जुलै
चिमणी अंघोळीला गेली तेव्हा चार्ट कपाटामागे सरकवला. मग परत काढून ठेवला. कोपरा दुमडला होता, तो हाताने सरळ केला.

१४ जुलै
पडद्यावर आई. केस नीट विंचरलेले. चिमणीने तिच्यासमोर चार्ट धरला आणि काहीतरी विचारलं. आईला ती भाषा येत नाही, मधे मीच.

"काय म्हणतेय ती?"

"बाबा कुठे आहेत, विचारतेय."

आईने वाकून मिशा निरखल्या. मग म्हणाली, "कामावर गेलेत म्हणून सांग. दारावर नवं कोणी आलं की मीही तेच सांगते."

मी तसंच सांगितलं.